सांध्यावरचं भांडण

चादरीवरचा सांधा शोधून दाखवायचा, अशी पैज कारखान्यात प्रत्येक नव्या माणसाशी लागायची. नवा माणूस चादर उजेडाकडे धरायचा. डोळे बारीक करायचा. छापलेल्या वेलीवरून बोट फिरवायचा. लाकडी ठसा वीतभर लांबीचा. म्हणजे दर वीतभराला एक ठसा संपतो आणि तोच पुन्हा सुरू होतो. पण नेमका कुठे? बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि हात हलवत परत यायचं.

मग सगळे वहिनींकडे बघायचे. वहिनी मान वर करायच्या नाहीत. पटाशी मात्र क्षणभर थांबायची. तेवढीच त्यांची ऐट.

ते ठसे त्यांनी कोरलेले. हाताने, अडतीस वर्षं. वेलीचं अर्धं पान ठशाच्या या कडेला, अर्धं त्या कडेला. छापताना दोन अर्धी अशी भेटायची की पान कधी तुटलंच नव्हतं. नवरा याच कारखान्यात रंग कालवायचा. त्याच्या ओळखीने त्या इथे आल्या, म्हणून सगळ्यांच्या वहिनी. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. नातं तेवढं राहिलं.

कारखाना म्हणजे तीन खोल्या. पहिलीत रंग. दुसरीत छपाईचं लांब टेबल, त्यावर जाड गादी. तिसरीत खिडकीजवळ वहिनींची बैठक. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ठसे. मोजले तर दोनशेच्या वर. पण त्यातला शेवटचा नवा ठसा चार वर्षांपूर्वीचा होता. हे कुणी बोलत नव्हतं. वहिनी तर मुळीच नाही.

बोलल्या त्या मालकीणबाई. वडिलांच्या मागे कारखाना त्याच चालवत होत्या. चष्मा कायम डोक्यावर. पिशवी कायम छातीशी, दोन्ही हातांनी धरलेली, जणू आत्ता कुणी हिसकावणार. एक तारखेला त्या वहिनींच्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. मालकीणबाई बसल्या की समजावं, विषय मोठा आहे.

"वहिनी, स्पष्ट बोलू का?"

"अस्पष्ट कधी बोललात?"

"दुकानदार म्हणतात, आता वेल पुरे. म्हणतात, आमच्या आईच्या पलंगावर हीच वेल होती."

"मग आईला आवडली होती ना?"

"आई गेल्या, वहिनी."

 वहिनींनी पटाशीचं टोक पुसलं.

"महिनाअखेर एक नवा ठसा द्या. नाहीतर मशीनवर कापलेले ठसे मागवते. नमुने येऊन पडलेत. तुम्ही घाबरू नका. पगार आहे तोच राहील. जुन्या ठशांची डागडुजी तुमच्याकडे."

डागडुजी. पगार कापला असता तर निदान चार शब्द भांडता आलं असतं. मालकीणबाईंनी ती सोयही ठेवली नव्हती. त्या गेल्या. वहिनी बराच वेळ फळीकडे बघत राहिल्या. यापुढे आपण फक्त तुटलेल्या पानांची टोकं जोडायची, एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या कागद घेऊन बसू लागल्या. ठसा कोरण्याआधी चित्र पातळ कागदावर काढायचं असतं. त्यांनी पक्षी काढायला घेतला. हाताने पान काढलं. मासा काढायला घेतला. पानच, फक्त शेपटीचं. घाण्याचा बैल सोडून दिला तरी गोलच फिरतो, तसं झालं होतं. पहिला आठवडा असाच गेला. उरलेले कागद त्या घरी नेऊ लागल्या. घरी वन्सं होत्या.

वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. दाखले देणाऱ्या कचेरीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसल्या. जन्माचा, मृत्यूचा, राहत्या जागेचा, जो म्हणाल तो दाखला. निवृत्त झाल्या आणि भावजयीकडे येऊन राहिल्या. "तुला सोबत म्हणून" असं त्या म्हणायच्या. वहिनींचं मत होतं, खिडकी सुटल्यावर वन्संना बोलायला माणसं कमी पडत होती.

त्या संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. पुढे कोरा कागद. समोर वन्सं बटाटे सोलत होत्या.

"काय गं वहिनी, कागदाला नजर लावलीस का? पांढराफटक पडलाय बिचारा."

"मला काम आहे, वन्सं."

"दिसतंय ना. तासभर बघतेय. तू कामाला धरलंयस की कामाने तुला?"

 वन्संनी एक बटाटा मधून कापला. अर्ध्या फोडीवर सुरीच्या टोकाने काहीतरी खरवडलं. बाजूला बीट किसून ठेवलं होतं, त्याच्या रसात फोड बुडवली. आणि वहिनींच्या कोऱ्या कागदाच्या बरोबर मधोमध दणकन छापली.

"अहो, माझा कागद!"

"ही तुझी मालकीणबाई."

एक गोल. त्यात दोन भोकं. तोंड गालावर गेलेलं. पण टाळूवर आणखी दोन वर्तुळं होती. चष्मा. नाकावर नाही, डोक्यावर.

वहिनींनी हसू दाबलं. दाबलेलं हसू नाकातून आलं.

"तोंड कुठे वाहवत गेलंय, वन्सं? डावीकडे कोरलं की उजवीकडे छापतं. ठसा नेहमी उलटा कोरायचा असतो, आरशात दिसतो तसा. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"माझ्या बटाट्याला कुणी शिकवलं नाही. शहाणी आहेस तर तू कर." वन्संनी दुसरी फोड पुढे सरकवली. "पण अट आहे. हसू आलं पाहिजे. आणि केलेलं सगळं आजच्या आज पातेल्यात. बटाटे चार दिवस पुरवायचेत मला."

वहिनींनी पर्समधली छोटी पटाशी काढली. दोन मिनिटांत बटाट्यावर पान उमटलं. शिरांसकट. अप्रतिम.

वन्संनी ते हातात फिरवून पाहिलं. "पान. बरं. पान बघून कुणाला हसू येतं? शेळीला. चल, दुसरं."

दुसऱ्या फोडीवर काय करावं हे वहिनींना सुचेना. तेव्हा वन्सं खिडकीतली एक गोष्ट सांगू लागल्या. एक किडकिडीत गृहस्थ स्वतः जिवंत असल्याचा दाखला मागायला आला होता. वन्संनी विचारलं, पुरावा? तो म्हणाला, मी समोर उभा आहे ना! "मी म्हटलं, उभे तर खांबही असतात. तर बोट असं वर करून मला म्हणतो, खांब बोलतो का? मी म्हटलं, तुमच्यासारखा नाही." वन्संनी तो बोट वर केलेला माणूस खुर्चीत बसल्याबसल्या करून दाखवला. मान पुढे, हनुवटी वर, डोळे गरागरा.

वहिनींनी तोच कोरला. वेडावाकडा, घाईघाईत, हसता हसता. बोट इतकं लांब झालं की माणसापेक्षा बोटच मोठं. मग त्याला उकडून, मीठ लावून दोघींनी खाल्लं.

नंतर वहिनी म्हणायच्या, गंमत त्या खाण्यात होती. अडतीस वर्षं त्यांनी जे कोरलं ते टिकावं म्हणून कोरलं. लाकडावर पटाशी एकदा चुकली की चुकली. इथे तासाभराने सगळं पोटात जाणार होतं. चुकायची भीती कशाला, आणि कुणाला?

पुढचे दोन आठवडे हाच उद्योग. संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन पोक्त बायका बटाटे कोरायच्या आणि खिदळायच्या. वन्सं नकला करायच्या, वहिनी कोरायच्या. पलीकडच्या शेजारणीने एकदा भिंतीवर टकटक करून विचारलं, "काही झालंय का?" वन्सं ओरडून म्हणाल्या, "अजून नाही, पण होईल!"

हळूहळू रांग तयार झाली. दाखल्याच्या खिडकीपुढची. पहिली बाई पिशवी छातीशी धरलेली, चष्मा डोक्यावर. तिच्यामागे उभ्याउभ्या झोपलेला लठ्ठ माणूस. मग कोंबडी घेऊन आलेली म्हातारी. मग एकमेकांना टेकलेले नवरा-बायको. मग सगळे कागद दातांत धरून खिसे चाचपणारा. सगळ्यात शेवटी तो बोटवाला. सात माणसं, सात बटाटे, वर्तमानपत्रावर एका ओळीत छापलेले.

त्या दिवशी वहिनी हसायच्या थांबल्या. कागदाकडे बघत राहिल्या.

"वन्सं, हे ठेवू या. मला वाटतं, हे..." त्यांनी वाक्य सोडलं. बोललं तर जाईल, अशी भीती वाटली असावी. त्या हात धुवायला गेल्या.

परत आल्या तेव्हा सातही बटाटे पातेल्यात रटरटत होते. वर्तमानपत्रात सालं गुंडाळून वन्संनी ते बादलीत टाकलं होतं.

"वन्सं! मी ठेवू या म्हटलं होतं ना?"

"मला वाटलं, गंमत करतेयस. अट..."

"चुलीत घाला तुमची अट!"

लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत वहिनी नणंदेवर पहिल्यांदा ओरडल्या. ओरडून स्वतःच दचकल्या. बादलीतून कागद काढला तर लगदा. त्या जेवल्या नाहीत. रांगेतली सातही माणसं वन्संनी एकटीने खाल्ली, आणि एकाचीही चव त्यांना लागली नाही.

महिना संपायला सात दिवस होते.

सकाळी वहिनी उठल्या तेव्हा टेबल पुसलेलं होतं. पातळ कागद ओळीने मांडलेले. वन्सं समोर बसलेल्या. नेहमीची जीभ कुठेतरी ठेवून आल्यासारख्या.

"मला सगळे तोंडपाठ आहेत," वन्सं म्हणाल्या. "एकेक करून दाखवते. तू काढ."

वहिनींनी कारखान्यात निरोप धाडला आणि लाकूड घरी आणलं. प्रत्येक माणूस वेगळ्या कपट्यावर काढला, पुढेमागे सरकवून बघता यावं म्हणून. बटाट्यावर होते तसे ते आले नाहीत. लाकडासाठी काढलेली रेघ बारीक असते. पण नाकं होती. कोंबडीही होती. मग एकेक कपटा उलटा करून लाकडावर चिकटवायला सुरुवात केली. कागद पातळ, रेघ आरपार दिसते. त्यामुळे डोकं ठिकाणावर ठेवून हे काम करायचं असतं.

सहा कपटे झाले. सातव्याच्या वेळी वन्संचा धीर परत आला. त्या उठून उभ्या राहिल्या. बोट वर केलं. हनुवटी वर केली. "खांब बोलतो का? सांगा ना बाई, बोलतो का?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. त्यांनी सातवा कपटा चिकटवला आणि डोळे पुसले.

चार दिवस कोरीव काम चाललं. जेवायला उठत तेवढ्याच. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी ठशाला शाई लावली. वर्तमानपत्रावर दाबला. उचलला.

सहा जण उजवीकडे बघत होते, कचेरीची खिडकी असावी तिकडे. सातवा डावीकडे. रांगेकडे पाठ करून, बोट वर करून, कुणीच नाही तिथे.

सातवा कपटा त्यांनी सुलटाच चिकटवला होता.

ही शिकाऊ माणसाची चूक. पहिल्या महिन्यात होते, ओरडा बसतो, पुन्हा होत नाही. अडतीस वर्षं झालेल्या माणसाकडून हे झालं असं कुणी सांगितलं तर पटायचं नाही. वहिनी खाली बसल्या. उरले दोन दिवस. नवा ठसा कोरणं शक्य नव्हतं. फार तर सातवा छिलून टाकायचा. मग तिथे रिकामी जागा राहणार, पडलेल्या दातासारखी.

त्यांनी पटाशी उचलली. मग ठेवली. सांधा पाहिल्याशिवाय त्यांनी कधी ठशाला हात लावला नव्हता. सवयच ती. त्यांनी पुन्हा शाई लावली आणि पहिल्या छापाच्या मागे, शेवटच्या माणसाला लागून, दुसरा छाप मारला.

सातव्याच्या पुढ्यात आता पिशवीवाली बाई आली. नाकाला नाक. तो बोट वर करून. ती पिशवी आवळून.

"वन्सं," वहिनींनी हाक मारली. आवाज चमत्कारिक आला. "जरा इकडे या."

वन्सं आल्या. चष्मा लावला. वाकल्या.

"अगं बाई! हे तर भांडताहेत!" आणि त्या लगेच दोन्ही आवाजांत सुरू झाल्या. "'बाई, मी आधी आलोय.' 'आधी आलात तर मागे का?' 'मी मागे नाही, रांग माझ्या पुढे गेली!'"

तिसरा छाप. पुन्हा तेच भांडण. चौथा. पुन्हा. मधली माणसं आपली शांत. एक झोपलेला, एक खिसे चाचपणारा. आणि दर वीतभराला, बरोबर सांध्यावर, तंटा.

"अगदी आमची कचेरी," वन्सं म्हणाल्या.

वहिनींनी सांध्यावरून बोट फिरवलं. शाई बोटाला लागली. 

कारखान्यात छपाईच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना सगळे दमानंकाका म्हणत, कारण रंग कालवण्यापासून जिना उतरण्यापर्यंत कुणी काहीही करत असलं की ते म्हणत, "दमानं." सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून कापडावर डाग पडला नव्हता. त्यांनी नवा ठसा टेबलक्लॉथच्या काठावर लावला. दोन छाप झाले आणि ते थांबले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले. घरात कुणी आजारी असावं तसा आवाज. "सांधा दिसतोय."

"दिसू दे."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. तिसरा छाप मारला. चौथ्याला त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. आधी वाटलं खोकला. मग कळलं, हसताहेत. हात हलला आणि कापडावर टपोरा निळा डाग पडला.

"दमानं, काका," वहिनी म्हणाल्या.

मालकीणबाई आल्या तेव्हा कापड वाळत होतं. त्या काठाशी वाकल्या. खूप वेळ बघत राहिल्या.

"ही पहिली बाई कोण?"

"असतात अशा रांगेत."

मालकीणबाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला. "पिशवी कुणी अशी धरतं का?" छातीशी पिशवी धरून त्यांनी विचारलं. दमानंकाका रंगाच्या थाळीत काही पडलंय का ते बघू लागले.

"छान आहे," मालकीणबाई शेवटी म्हणाल्या. "खरंच छान. फक्त हा शेवटचा सरळ करा. सगळे एकीकडे बघू देत. असा सांधा दिसला तर लोक म्हणतील, यांचं काम बिघडलं."

वहिनींनी आजवर मालकीणबाईंना, आणि त्याआधी त्यांच्या वडिलांना, एकच उत्तर दिलं होतं. बरं. आताही तेच जिभेवर आलं. नाही म्हटलं तर काय होणार हे त्यांना पुरतं माहीत होतं. मशीनचे नमुने कपाटावर पडून होते.

"नाही करणार," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तो सरळ केला तर नुसती रांग उरते. रांग विकत कोण घेईल? सगळीकडे फुकट मिळते."

"आणि हे चाललं नाही तर?"

"तर मी डागडुजी करीन. पण तो मागेच बघणार."

मालकीणबाईंनी चष्मा परत डोक्यावर सरकवला. "बारा टेबलक्लॉथ छापा. आठवडाभर दुकानात ठेवते. मग बघू."

तो आठवडा वहिनी खिडकीशी बसून जुन्या वेलीची उडालेली टोकं बसवत होत्या. डिंक, लाकडाचा कपटा, पटाशी, पॉलिश पेपर. हात चालत होते. आयुष्याची उरलेली वर्षं अशी दिसतील, हे त्या एकेक टोकागणिक बघून घेत होत्या. वाईट नव्हतं. पण आपलंही नव्हतं.

वन्संना घरी चैन पडेना. त्या दुकानात जाऊन मोठ्याने कौतुक करू लागल्या. "अय्या, किती नवीन!" तिसऱ्या दिवशी दुकानातली मुलगी म्हणाली, "आजी, आज साडी वेगळी आहे, पण अय्या तोच आहे." हे कळल्यावर वहिनींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला?"

"एक विकत घेतला मी. फुकट नाही गेले."

आठव्या दिवशी मालकीणबाई आल्या आणि स्टुलावर बसल्या. वहिनींनी पटाशी बाजूला ठेवली.

"नऊ गेले," मालकीणबाई म्हणाल्या. "एक तुमच्या नणंदेचा धरून. दोन मळलेत. लोक भांडणावर बोट ठेवतात, मग पुढचं भांडण शोधतात, मग आणखी कुणाला तरी बोलावून दाखवतात. कापड काळं झालं बोटांनी." त्यांनी पिशवी आणखी आवळली. "एक मी नेला घरी. आमच्याकडे सगळ्यांनी मला ओळखलं."

वहिनींनी खाली पाहिलं.

"नमुने परत पाठवले मशीनवाल्यांना. पुढचा ठसा केव्हा देता?"

"दोन महिने लागतील."

"काय असेल?"

"माहीत नाही."

"माहीत नाही तर कबूल कसं करता?"

"माहीत असायचं ना, तेव्हा पानच निघायचं."

मालकीणबाईंना हे कितपत पटलं, कोण जाणे. त्या उठल्या. दारात त्यांना दमानंकाका आडवे आले. हातात वेलीचा जुना ठसा.

"वहिनी, पानाचं टोक उडालंय. दुपारी चादरी घ्यायच्यात. लगेच लागेल."

वहिनींच्या पुढ्यात नवीन लाकडाचा ठोकळा होता. त्यांनी त्याच्यावरचा भुसा फुंकला. पृष्ठभागावर तळहात फिरवला.

"ठेवा तिथे," त्या म्हणाल्या. "उद्या बघते."

काका क्षणभर उभे राहिले. असं उत्तर या खोलीतून त्यांना कधी मिळालं नव्हतं. मग त्यांनी ठसा फळीवर ठेवला, दमानं, आणि दुपारसाठी दुसरा शोधायला गेले.